चारहि चाकें ओढणाऱ्या गाडीचा सांधा घरीं बदलणें

कासुर्डीच्या आसपासच्या शेतकऱ्याची गाडी एकाच दिवशीं तीन तऱ्हांच्या वाटा तुडविते: कालव्याखालच्या उसांतील काळा चिखल, भुलेश्वराच्या डोंगराकडील मुरमाड चढ आणि पुणें-सोलापूर मार्गाची डांबरी सडक. चारहि चाकांना ओढ देणारी गाडी ह्याचसाठीं घेतली जाते. परंतु तिचीं पुढचीं चाकें ओढतातहि आणि वळतातहि. हा दुहेरी भार समवेगी सांध्यावर पडतो. कारागीर त्यास सी. व्ही. जॉइंट म्हणतात.

साधा फुलीचा सांधा येथें कां चालत नाहीं? तो ३० अंशांत वांकला असतां आंतला वेग सारखा असूनहि बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यांत दोनदां सुमारें १३ टक्के घटतो व दोनदां १५ टक्के वाढतो. वळणावर चाक हिसके देतें तें ह्यामुळें. १९२० नंतरच्या दशकांत आल्फ्रेड शेप्पा ह्या यंत्रज्ञानें सहा पोलादी गोळ्यांचा सांधा सिद्ध केला. त्यांत दोन आंसांमधील कोन दुभागणाऱ्या पातळींतच गोळे राहतात, म्हणून वेग सारखा येतो.

आमच्या मतें हा सांधा झिजून क्वचितच मरतो. बहुधा तो बूट फाटून मरतो. बूट म्हणजे त्यावरील घड्यांचें रबरी आवरण. उसाच्या टोंकदार बुडख्यानें तें चिरलें कीं ग्रीस बाहेर उडतें आणि चिखल आंत शिरतो. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास स्टेअरिंग पूर्ण वळवून घड्या उघडून पाहाव्या. चाकाच्या आंतल्या बाजूस ग्रीस उडालेलें दिसलें, पण आवाज नसला, तर सांधा धुवून नवें ग्रीस व नवा बूट पुरतो. पूर्ण वळणावर जोर देतांच कट्-कट् ऐकूं आलें तर मात्र सांधाच बदलावा.

चाक जमिनीवर असतांनाच मधला मोठा नट सैल करावा. मग मागच्या चाकांस दगड लावून गाडी उचलावी व भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. ह्या एका बाबतींत घाई म्हणजे जिवाशीं गांठ. ब्रेकचा कॅलिपर तारेनें टांगावा, नळीवर लोंबकळूं देऊं नये. खालचा गोळसांधा सोडला कीं हब बाजूस सरकतो व आंस मोकळा होतो. आंस अडला तर जुना नट टोंकापर्यंत फिरवून पितळी ठोकणीनें ठोकावें. उघड्या आट्यांवर हातोडा मारल्यास नट पुन्हां बसत नाहीं. दुसरें टोंक डिफरन्शियलमधून काढतांना तेल सांडतें, त्यासाठीं पाटी ठेवावी व तेथील सील जपावें.

आंस शेगड्यांत धरून जुना सांधा एका झटक्यांत ठोकून काढावा. आंतली कडी नवीनच घालावी. नव्या सांध्याबरोबर आलेलें सगळें ग्रीस गोळ्यांच्या खांचांत दाबून भरावें. तें मॉलिब्डेनमयुक्त असतें. बैलगाडीचें वंगण येथें चालणार नाहीं. पट्ट्या आवळण्यापूर्वीं बुटांतील कोंडलेली हवा सोडावी, नाहींतर तो फुगून लवकर फाटतो. शेवटचा नट नवा घ्यावा व गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जोरानेंच, मोजणीच्या पान्यानें, आवळावा. आंस बसविल्याशिवाय गाडी चाकावर उतरवूं नये, कारण तशानें हबचें बेअरिंग सुटूं शकतें.

ज्या गाड्यांचा पुढचा आंस अखंड नळींत असतो, त्यांत सांधा हबमागच्या गोल कोठडींत असतो. तेथील काम बरेंच लांबतें, तें कारागिरावर सोंपवावें.

नवा सांधा बसल्यावर शेतांतून सडकेवर येतांच चार चाकांची ओढ काढून टाकावी. ज्या गाडींत पुढचे व मागचे आंस जखडले जातात, तिच्या चाकांना वळणावर निरनिराळें अंतर कापावें लागतें. चिखलांत चाक घसरून हा फरक निघून जातो; डांबरावर मात्र तो सगळा ताण सांध्यावर येतो.