गोमंतकाचा धेंपो फुटबॉल-संघ

फुटबॉलसारखा खेळ धंदा म्हणून चालवावा, खेळाडूंना पगार देऊन बाळगावें आणि त्यावर एवढा मोठा डोलारा उभा करावा, ही कल्पना आपल्याकडील वडील मंडळींना अजूनहि थोडी विचित्रच वाटते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांतसुद्धां ती सहजासहजीं रुजली नाहीं. न्यूयॉर्कच्या 'कॉसमॉस' संघानें १९७५ मध्यें पेलेसारखा खेळाडू आणला, पांच वेळां तेथील अजिंक्यपद मिळविलें, १९७७ च्या सप्टेंबरांत कलकत्त्यास येऊन मोहन बागानशीं दोन-दोन गोलांची बरोबरीहि केली. पण १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बुडाली, आणि मागोमाग संघहि गेला.

पांचच राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविणारा एक संघ आपल्या शेजारीं गोमंतकांत आहे, आणि तो अद्याप जिवंत आहे.

पोलादपूर तालुक्यांतील कुडपणसारख्या गांवीं कोणीं फुटबॉल मांडला तर चेंडू आणावयास दरींत उतरावें लागेल. तेथील पोरांना हुतूतूच बरा. गोव्याचें तसें नाहीं. भातकापणी झाली कीं मोकळीं शेतें हींच मैदानें होतात. शिवोली गांवीं १८८३ मध्यें फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यानें हा खेळ आणला असें मानतात. शाळा आणि चर्चें यांच्या आश्रयानें तो गांवोगांव पसरला. १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावर खनिजाच्या व्यापारांतील घराणीं पुढें आलीं. त्यांपैकीं धेंपो घराण्यानें १९६८ च्या सुमारास डिचोलीचें एक फुटबॉल-मंडळ हातीं घेतलें. तोच हा धेंपो स्पोर्ट्स क्लब. पेढी हिंदूंची आणि खेळाडू बहुतेक ख्रिस्ती, पण त्याचें तेथें कोणालाच नवल वाटत नाहीं.

संघाचे खरे वैभवाचे दिवस आले ते आर्मांदो कुलासो या गोमंतकीय शिक्षकाच्या हाताखालीं. एक तपाहून अधिक काळ एकाच माणसाकडे संघ सोंपविणें हें आपल्या देशांत दुर्मिळच. हरल्याबरोबर शिक्षक बदलण्याची संवय असलेल्या कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांनीं हें पाहून ठेवण्यासारखें आहे!

२००४ सालच्या ५ डिसेंबरचा दिवस मात्र या संघाला विसरतां येणें शक्य नाहीं. बंगळूर येथें फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशीं होता. क्रिस्तियानो जुनियर हा ब्राझीलचा तरुण खेळाडू त्या दिवशीं विलक्षण रंगांत होता. पहिला गोल त्याचा, दुसराहि त्याचाच. पण तो दुसरा गोल करतांना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशीं त्याची टक्कर झाली, तो कोसळला, आणि पुन्हां उठला नाहीं. धेंपोनें सामना दोन-शून्य असा जिंकला. ज्यानें जिंकून दिला तो गेला. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची सोय अपुरी होती, अशी टीका पुढें पुष्कळ झाली. हजारों लोकांचें तिकीट घेणाऱ्या सामन्यांत जाणता डॉक्टर व रुग्णवाहिका हीं चषकाच्याहि आधीं हजर हवींत, एवढें सांगावयास कोणाचा जीव जावा लागूं नये.

सोबत्याचें प्रेत पाहिलेली ती मुलें त्याच हंगामांत राष्ट्रीय लीग खेळण्यास उतरलीं आणि प्रथमच अजिंक्य ठरलीं. २००६-०७ मध्यें त्यांनीं ती पुन्हां जिंकली. पुढच्या वर्षी तिची जागा आय-लीगनें घेतली. तिच्या पहिल्याच वर्षीं धेंपो आणि गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समान झाले, व गोलांच्या फरकावर अजिंक्यपद धेंपोकडे आलें. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हीं नांवें तेव्हां गोव्यांत घरोघरीं झालीं होतीं. २००८ मध्यें आशियाई 'ए.एफ.सी. कप' स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत त्यांनीं मजल मारली. तेथें लेबाननच्या साफा संघानें त्यांस अडविलें. पुढें २००९-१० व २०११-१२ अशीं आणखी दोन अजिंक्यपदें आलीं. शेवटच्या खेपेस रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूनें एकट्यानें बत्तीस गोल केले.

याच सुमारास मुंबईचा महिंद्र युनायटेड हा माजी विजेता संघ मालकांनीं २०१० मध्यें बंद केला. धेंपोवरहि वाईट दिवस आले. २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग ही नवी श्रीमंत स्पर्धा निघाली आणि लोकांचें लक्ष तिकडे वळलें. २०१५ मध्यें धेंपो आय-लीगमधून खालीं घसरला. २०१६ मध्यें दुसरा विभाग जिंकून त्यानें वर येण्याचा हक्क मिळविला, पण नव्या रचनेंत जुन्या क्लबांस दुय्यम स्थान मिळणार असें दिसतांच, त्याच वर्षीं साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह त्यानें राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. हा बाणा मानी खरा. पण त्यांत गोव्याच्या पोरांचीं वर्षें वायां गेलीं, असेंहि वाटल्यावांचून राहत नाहीं.

२०२४-२५ च्या हंगामांत संघ आय-लीगमध्यें परतला. ती आतां देशांतील पहिल्या दर्जाची स्पर्धा राहिली नव्हती. संघांत बहुतेक गोमंतकीय तरुणच होते, आणि त्यांना शिकवीत होता तो अजिंक्य संघांतला समीर नाईक.