‘ट्रोकन’ लिहिलेला झेक्ट गोड का लागतो?

जर्मनीत नववर्षाचे स्वागत ‘झेक्ट’च्या पेल्याने होते. रोमन लिपीत ‘एस’ने सुरू होणाऱ्या या शब्दाचा जर्मन उच्चार झेक्ट असाच आहे. फसफसणारी, बहुधा पांढरी अशी ही वाईन तेथे वाढदिवसाला, सत्काराला आणि नाटकाच्या मध्यंतरातही घेतली जाते. नवखा ग्राहक मात्र ती विकत घेताना एका शब्दापाशी हमखास फसतो. तो शब्द म्हणजे ‘ट्रोकन’.

ट्रोकन म्हणजे कोरडी, अर्थात गोडवा नसलेली. न फसफसणाऱ्या वाईनवर हा शब्द असेल तर लीटरमागे साखर फार तर ९ ग्रॅम असते. झेक्टवर मात्र तोच शब्द १७ ते ३२ ग्रॅम साखरेसाठी वापरला जातो. खरोखर कोरडा झेक्ट हवा असेल तर बाटलीवर ‘ब्रुट’ शोधावे. त्यात १२ ग्रॅमांहून कमी साखर असते. ‘हाल्बट्रोकन’, म्हणजे शब्दशः अर्धकोरडा, हा तर ३२ ते ५० ग्रॅमांपर्यंत जातो. बुडबुडे आणि आंबटपणा गोडवा झाकतात, त्यामुळे हे आकडे जिभेला जाणवतात त्याहून मोठे आहेत, एवढाच काय तो दिलासा.

जेवणाची सारी गणिते या एका शब्दावर अवलंबून असतात. रिझलिंग द्राक्षांचा ब्रुट झेक्ट चांगलाच आंबटसर असतो. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळल्याने जे साधते, तेच त्याचा घोट साधतो. तेलातुपाचा थर जिभेवरून उतरतो. म्हणूनच धुरावलेला ट्राउट मासा, कुरकुरीत श्नित्झेल, कालवे यांच्याशी त्याचे जमते. वसंतात जर्मन लोक पांढऱ्या शतावरीसाठी, म्हणजे ‘श्पार्गेल’साठी वेडे होतात. लोण्याच्या किंवा अंड्याच्या दाट सॉसबरोबर वाढलेल्या या कोंबांनाही ब्रुटच शोभतो. रव्यात तळलेल्या इसवणालाही तो चालावा.

लाल मसाला भरलेल्या बांगड्याशी मात्र त्याचे पटणार नाही. बुडबुडे आणि मद्यार्क मिरचीचा जाळ वाढवतात. तिथे थोडा गोडसर ट्रोकन किंवा हाल्बट्रोकनच बरा. गोडाच्या पदार्थांना नियम एकच: वाईन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. चेरी आणि मलईच्या केकबरोबर ब्रुट उघडणे म्हणजे दोघांचाही अपमान.

या नावाचीही एक गोष्ट सांगतात. १८२५ च्या सुमारास बर्लिनमध्ये लुडविग डेव्ह्रिएंट या नटाने शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफच्या तोऱ्यात ‘सॅक’ मागवली. सॅक ही खरे तर स्पॅनिश वाईन. पण वाढप्याने नेहमीची शॅम्पेन आणून ठेवली आणि तेच नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, फ्रान्समध्ये व्हव क्लिको या शॅम्पेनच्या घराण्यात काम केलेल्या गेऑर्ग केसलर यांनी एस्लिंगेन येथे स्वतःचा कारखाना काढला.

आज बहुतेक झेक्ट मोठ्या टाक्यांत फसफसतो आणि त्याची मूळ वाईन पुष्कळदा इटली, स्पेन किंवा फ्रान्सची असते. द्राक्षे जर्मनीचीच हवी असतील तर ‘डॉइचर झेक्ट’ हे शब्द पाहावेत. ‘विन्त्सरझेक्ट’ असेल तर उत्तमच. तो बागायतदाराच्या स्वतःच्या द्राक्षांचा असतो आणि बाटलीतच निदान नऊ महिने यीस्टवर मुरतो.

स्वस्तातल्या स्वस्त बाटलीचा मोह आवरावा, याला आणखी एक कारण आहे. कैसर विल्हेल्म दुसरा याच्या काळात, १९०२ मध्ये, आरमाराच्या खर्चासाठी झेक्टवर कर बसला. ते आरमार १९१९ मध्ये स्कापा फ्लो येथे त्याच्याच खलाशांनी बुडवले. कर १९३३ मध्ये उठला, १९३९ मध्ये परत आला आणि आजही पाऊण लीटरच्या बाटलीमागे १ युरो २ सेंट घेतो. बाटली तीन युरोची असो वा तीस युरोची, रक्कम तीच. त्यातून विक्रीकर, काच, बूच आणि दुकानदाराचा वाटा वजा केला, की तीन युरोच्या बाटलीत द्राक्षांसाठी फारच थोडे पैसे उरतात.