फोटो काढा, पण श्वास रोखू नका!

गेल्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय 63, सिमेंट कारखान्यातून निवृत्त. नोकरीतल्या साऱ्या सुट्या गळ्यात कॅमेरा अडकवून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हिंडण्यात घालवलेल्या. "डॉक्टरसाहेब, जमिनीवरचं पाहून झालं, आता पाण्याखालचे फोटो काढायचे," असे म्हणून त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकायचे होते, त्यासाठी डॉक्टरांची सही हवी होती. कोरपन्यात असा कागद माझ्यापुढे प्रथमच आला.

नुसते वय आड येत नाही. जर्मन चित्रपट दिग्दर्शिका लेनी रिफेनश्टाल सुदानमधील नुबा लोकांत हिंडून आल्यावर, सत्तरी ओलांडून डायव्हिंग शिकली. 1978 मध्ये तिचे प्रवाळांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले, 2002 मध्ये, वयाच्या शंभरीला, समुद्राखालचा चित्रपट आला. (हिटलरच्या राजवटीसाठी चित्रपट काढल्याचा डाग तिच्यावर कायम राहिला, तो भाग वेगळा.) मात्र शिकायला जाताना तिने वय वीस वर्षांनी कमी सांगितले होते. तेवढे अनुकरण नको. फॉर्मवर दमा, हृदयविकार, फिट्स, कान यांचे प्रश्न असतात. तिथे लपवलेले पाण्याखाली जिवावर बेतते.

दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच फुगते. म्हणून टाकीतली हवा घेताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. फोटोवाल्यांची खोड नेमकी उलटी! हात हलू नये म्हणून बटण दाबताना ते श्वास धरतात. पाण्यात छातीभर श्वास धरून माणूस मीटर-दीड मीटर जरी वर उचलला गेला, तरी फुप्फुस फाटू शकते. शिवाय माशामागे लागले की टाकीत हवा किती उरली याचे भान राहत नाही. आधी नुसते डायव्हिंग अंगवळणी पडावे, कॅमेरा नंतर. आणि परतीचे विमान असेल, तर लागोपाठच्या बुड्यांनंतर किमान 18 तास थांबावे.

आमच्या गृहस्थांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात होता, कार्डिओग्रामही ठीक. पण कानात पाहिले तर डाव्या पडद्याला भोक! लहानपणी कान वाहायचा, हे ते विसरूनच गेले होते. अशा कानात थंड पाणी शिरले की एकाएकी गरगरते, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. मी सही केली नाही. ते जरा रागावलेच.

चंद्रपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. पडदा सांधण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच ते परतले. कान भरून आल्यावर तज्ज्ञ काय म्हणतात ते पाहून फॉर्मचे बघू. तोवर कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवर खर्च करू नका, असे मी बजावले होते. ती त्यांनी आधीच मागवली आहे.