कांचघरांतील रब्बीचा फुलकांदा : नेरीनची कुंडींतील लागवड

या मासिकांत ऊस, कांदा, मोसंबी यांवर जाणत्या बागाइतदारांचे लेख नेहमीं येतात. आजचा आमचा विषय पोटाचा नाहीं, डोळ्यांचा आहे. इंग्लंडसारख्या थंड देशांत कांचेच्या छपराखालीं कुंड्यांतून लाविला जाणारा व ऐन शरदांत फुलणारा नेरीन नांवाचा एक फुलकांदा आहे. त्याची माहिती येथें द्यावयाची आहे. असल्या परदेशी फुलाचा आमच्या शेतकरी बंधूंस काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेंच कीं, पाणी केव्हां द्यावें हें बहुतेकांस कळतें, पण तें केव्हां तोडावें हें थोड्यांसच कळतें. आणि हें दुसरें ज्ञान हा कांदा फार कडक शिस्तीनें शिकवितो. आम्हांस तें नुकसान करून शिकावें लागलें, व तेंहि दुसऱ्याचें नुकसान करून.

आमची कन्या व जांवई दक्षिण इंग्लंडांत एका लहान गांवीं असतात. महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर आम्ही सहकुटुंब मे ते नोव्हेंबर असे सहा महिने त्यांजकडे राहावयास गेलों. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहात. त्यांच्या परसांत लहानसें कांचघर होतें व त्यांतील फळीवर तीस-चाळीस मातीच्या कुंड्या ओळीनें मांडलेल्या होत्या. जुलै महिन्यांत त्यांस शस्त्रक्रियेकरितां तीन आठवडे रुग्णालयांत राहावें लागलें. जातांना त्यांनीं कांचघराची किल्ली आमच्या हातीं दिली व टोमॅटोच्या झाडांना रोज पाणी घालण्यास सांगितलें. फळीवरील कुंड्यांकडे बोट करूनहि ते कांहीं बोलले. परंतु आमचें इंग्रजी बेताचें. 'पाणी' एवढा शब्द आम्हीं धरिला, त्यामागचा नकार मात्र सुटला.

त्या कुंड्यांतील माती तडकलेली, पान एकहि नाहीं, कांद्यांच्या माना वाळून कागदासारख्या झालेल्या. आम्हांस वाटलें, म्हाताऱ्या माणसाच्यानें पाणी वाहवलें नसेल, म्हणून झाडें सुकलीं. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यांत तुळशीला एक दिवस पाणी चुकलें तर घरांत बोलणीं बसतात! आम्हीं एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ त्या कुंड्या कांठोकांठ भरल्या. गृहस्थ परत आले, त्यांनीं एका कांद्याची मान दोन बोटांनीं दाबून पाहिली, ती आंत दबली. ते आम्हांस एक शब्दहि बोलले नाहींत. पुढें मुलीकडून कळलें कीं, कोपऱ्यांतील मोठी कुंडी त्यांच्या दिवंगत पत्नीनें लग्नाच्या वर्षीं लाविलेली होती, व तींतील सात कांद्यांपैकीं चार कुजले. शरद ऋतु आला तेव्हां उरलेल्या कुंड्यांपैकीं निम्म्यांहून अधिक कुंड्यांत दांडा उठला नाहीं. आम्ही त्यांच्या दारीं गेलों, चूक कबूल केली, आणि 'हें काय आहे तें आम्हांस शिकवा' अशी विनंति केली. त्यांनीं शिकविलें. पुढील माहिती त्यांच्या शिकवणीची व त्यानंतर आम्हीं केलेल्या वाचनाची आहे.

मूळ स्थान व नांव

नेरीनच्या सर्व जाती दक्षिण आफ्रिकेच्या बाजूच्या आहेत. कांचघरांत लावितात ती मुख्य जात नेरीन सार्निएन्सिस होय. केप प्रांताच्या पश्चिम भागांतील डोंगरांवर, केपटाऊनजवळच्या टेबल माउंटनवरहि, खडकांच्या भेगांत ती आपोआप उगवते. युरोपांत तिचें फूल इ. स. १६३४ मध्यें पॅरिस येथील मोरीन नांवाच्या बागवानाकडे फुलल्याची नोंद आहे. त्या काळीं हें फूल जपानचें आहे असा समज होता. इंग्लंड व फ्रान्स यांमधील गर्न्सी बेटावर या कांद्यांची लागवड फार जुनी; जहाज फुटून कांदे किनाऱ्याला लागले व वाळूंत रुजले, अशी कथा तेथें सांगत. त्या बेटाचें लॅटिन नांव सार्निया, त्यावरून 'सार्निएन्सिस' हें नांव पडलें. १७२५ सालीं जेम्स डग्लस यांनीं या एकाच फुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढें केपच्या डोंगरांवर तें रानटी स्थितींत आढळलें, तेव्हां जपानचा समज मागें पडला. 'नेरीन' हें कुळाचें नांव विल्यम हर्बर्ट यांनीं १८२० सालीं दिलें. तें ग्रीक पुराणांतील एका सागरकन्येचें आहे.

एका दांड्यावर दहा-पंधरा फुलें गोलाकार येतात. पाकळ्या मागें वळलेल्या, पुंकेसर लांब व पुढें आलेले. मूळ रंग शेंदरी-तांबडा. संकरांतून गुलाबी, पांढरा, जांभळट अशा अनेक छटा निघाल्या आहेत. या कामीं हॅम्पशायरमधील एक्सबरी येथील लायोनेल द रॉथस्चाइल्ड यांचें नांव प्रसिद्ध आहे. फुलावर ऊन पडलें म्हणजे पाकळीवर सोन्याचा बारीक चुरा शिंपडल्यासारखी चमक दिसते; ती पाकळीच्या पेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते.

हा रब्बीचा कांदा आहे

आमची चूक कोठें झाली हें आतां सांगतों. आपला पाऊस उन्हाळ्याच्या शेवटीं येतो व झाडें पावसाळ्यांत वाढतात. केपच्या पश्चिम भागांत याच्या उलट आहे. तेथें मे ते ऑगस्ट हा हिवाळा, व पाऊस त्याच हिवाळ्यांत पडतो. उन्हाळा कोरडा जातो. म्हणून हा कांदा हिवाळ्यांत पानें धरितो, उन्हाळ्यांत झोंपतो, व शरदांत पावसाच्या तोंडावर पानांच्या आधीं किंवा पानांबरोबर फुलतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस आणल्यावर ऋतु सहा महिन्यांनीं फिरतात. तेथें मार्चपासून मेपर्यंत येणारें फूल इंग्लंडांत सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत येतें, आणि पानें एप्रिल-मेपर्यंत टिकतात.

महसुली भाषेंत सांगावयाचें तर हा खरिपाचा नव्हे, रब्बीचा कांदा आहे. नोकरींत असतां खरीप व रब्बी यांचे तक्ते आम्हीं तीस वर्षें भरले. परंतु समोरच्या कुंडीचा रकाना कोणता, हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं.

यावरून कांचघर कशाकरितां लागतें हेंहि कळेल. पानें हिवाळ्यांत हिरवीं असल्यामुळें तीं कडक हिमांत मरतात, म्हणून ऊब पाहिजे. पण इंग्लंडांत उन्हाळ्यांतहि पाऊस पडतो, व झोंपलेल्या कांद्यास तो घातक. म्हणून वर छप्पर पाहिजे. कांचघर हें शेकोटीइतकेंच छत्रीचेंहि काम करितें. याच कुळांतील नेरीन बाउडेनाय ही दुसरी जात, जिला १९०४ सालीं नांव मिळालें, ती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागांतली. ती उन्हाळ्यांत पानें धरिते व हिवाळ्यांत विसांवते, म्हणून इंग्लंडांत ती भिंतीच्या आडोशाला उघड्यावर होते. एकाच कुळांतील हे दोघे भाऊ, एक रब्बीचा व दुसरा खरिपाचा. एकाचा नियम दुसऱ्यास लावूं नये.

कुंडी व माती

कुंडी लहान घ्यावी. एका कांद्यास साडेतीन-चार इंच तोंडाची कुंडी पुरते. पांच इंची कुंडींत तीन कांदे लावावे. कांद्यांस दाटी मानवते. ऐसपैस कुंडींत पानें वाढतात व फूल रुसतें. माती निचऱ्याची पाहिजे. दोन भाग चांगली पोयटा माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, व थोडें कुजलेल्या पानांचें खत पुरे. ताजें शेणखत घालूं नये. लावितांना कांद्याची मान व वरचा भाग मातीबाहेर राहिला पाहिजे. सर्व कांदा गाडल्यास मानेशीं पाणी सांचून कूज लागते.

कुंडी बदलणें चार-पांच वर्षांनीं एकदां, व तेंहि कांदा झोंपेंत असतां, ऑगस्टच्या सुमारास करावें. याच्या मुळ्या झोंपेंतहि जिवंत असतात. त्या तोडूं नयेत. मुळ्या दुखावल्या तर कांदा एखादें वर्ष फूल देत नाहीं.

पाण्याचें वेळापत्रक

सर्व विद्या येथेंच आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून रोज कांद्याच्या मानेकडे पाहावें. तींतून तांबूस चोंच डोकावली म्हणजे कुंडी एकदां पुरी भिजवावी. नंतर वरची माती सुकत आली म्हणजे पाणी द्यावें. फूल सरल्यावर पाणी तोडूं नये. उलट खरी वाढ तेव्हांच सुरू होते. हिवाळाभर पानें हिरवीं व रुंद राहिलीं तरच कांदा पोसतो, आणि पुढील दांडा त्या पोसलेल्या कांद्यांतच तयार होतो. यंदाच्या माघांतील हयगय पुढच्या आश्विनांत दिसते, ती अशी.

एप्रिल-मे महिन्यांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी कमी करीत जावें व पानें वाळल्यावर तोडावें. आपल्या रब्बी कांद्याची मान पडली म्हणजे आपण पाणी तोडतों, तेंच हें लक्षण. मग जून ते ऑगस्ट कुंड्या उन्हाच्या फळीवर कोरड्या ठेवाव्या. माती अगदींच तापून भाजते असें वाटल्यास महिन्यांतून एकदां हलका शिंतोडा द्यावा, अधिक नाहीं. मोसंबी व डाळिंब यांचा बहार धरितांना आपण ताण देतों, त्याची येथें कोणासहि आठवण होईल. भेद इतकाच कीं, तेथें ताण माणूस देतो व झाडाला फुलावयास लावितो. येथें विसांवा हा कांद्याचा स्वतःचा धर्म आहे, माणसानें तो मोडूं नये एवढेंच.

ऊब, उजेड, खत

हिवाळ्यांत कांचघराचें उष्णमान चार-पांच अंश सेल्सिअसच्या खालीं जाऊं देऊं नये. पण फार ऊबहि नको. हवा खेळती पाहिजे, म्हणून कोरड्या दिवशीं झडपा उघडाव्या. पानांवर पूर्ण उजेड पडूं द्यावा. नत्राचें खत पानें माजवितें. म्हणून हिवाळ्यांत पालाश अधिक असलेलें पातळ खत थोडें थोडें द्यावें.

वाढ, रोग, सावधगिरी

मोठ्या कांद्याच्या बाजूस पिल्लें सुटतात. कुंडी बदलतांना तीं वेगळीं करून लावावीं. बी वाटाण्याएवढें, हिरवें व मांसल असतें. तें साठवून चालत नाहीं; पिकतांच मातीवर नुसतें ठेवावें, लौकर रुजतें. बियांपासून फूल येण्यास तीन ते पांच वर्षें लागतात. पिठ्या ढेकूण कांद्याच्या पापुद्र्यांत लपतो. वाळलीं सालें काढून तो पाहावा. पानांवर फिकट पट्टे असलेला कांदा विषाणुग्रस्त समजून वेगळा करावा. हा कांदा विषारी आहे, म्हणून तो स्वयंपाकाच्या कांद्याजवळ कधींहि ठेवूं नये.

आपल्याकडे काय करावें

परदेशीं गेलेल्या मुलांकडून कांदे पेटींत घालून आणविण्याचा मोह कोणास होईल, तर तो आवरावा. २००३ च्या वनस्पति संगरोध आदेशान्वयें परवाना व रोगमुक्ततेचा दाखला यांवांचून असा माल आणतां येत नाहीं. एका कांद्याबरोबर येणारी कीड शेजाऱ्याच्या शेतांत शिरते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

ज्यांस याच प्रकारची हौस करावयाची आहे त्यांनीं आपल्याकडे सर्वत्र मिळणारें मे-फूल लावावें. तेंहि आफ्रिकेंतलेंच, तांबड्या चेंडूसारखें. पण तें खरिपाचें आहे. मे महिन्यांत फूल, पावसाळाभर पानें, व हिवाळ्यांत विसांवा. दिवाळीनंतर पानें पिवळीं पडलीं म्हणजे कुंडी कोरड्या वळचणीस ठेवावी व एप्रिलच्या अखेरीपर्यंत तिला हात लावूं नये. पुष्कळ घरीं ही कुंडी मरते ती दुर्लक्षानें नव्हे, हिवाळ्यांतील पाण्यानें.

त्या मोठ्या कुंडीचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करितों. उरलेले तीन कांदे गृहस्थांनीं नव्या मातींत आमच्याच हातून लावून घेतले. कांद्याची मान किती बाहेर ठेवावी तें आपल्या बोटाच्या पेरानें मोजून दाखविलें. दुसऱ्या वर्षीं आम्ही ऑगस्टांत पुन्हां गेलों व जानेवारीपर्यंत राहिलों. त्या शरदांत नुसतीं पानें आलीं. तिसऱ्या वर्षीं आम्ही गांवींच होतों. ऑक्टोबरांत मुलीनें छायाचित्र पाठविलें : तीन कांद्यांपैकीं एकाला दांडा आला होता, व कुंडी गृहस्थांनीं स्वतः उचलून तिच्या खिडकींत आणून ठेविली होती. सोबत त्यांचा निरोप होता कीं, तुझ्या वडिलांस सांग, उन्हाळाभर मीं एक थेंबहि पाणी घातलें नाहीं.