शाळातपासणीचीं पत्रकें : एक दुर्लक्षित साधन

जुन्या दप्तरांचा शोध घेणारे आपण बहुतेक जण सनदा, महजर, वतनपत्रें आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या मागें असतों. गांवच्या शाळेचें कपाट सहसा कोणी उघडीत नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या वऱ्हाडी गांवच्या मुलांविषयीं तीन प्रकारचे कागद साक्ष देऊं शकतात : कोतवाल बुक, शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर आणि डॉक्टरनें केलेल्या तपासणीचें पत्रक. पहिल्या दोहोंस कचेरींत मान आहे. जातीचा किंवा जन्माचा पुरावा हवा झाला म्हणजे लोक तीं धुंडीत येतात. तिसरें मात्र मूल शाळा सोडून गेलें कीं रद्दीच्या वाटेस लागतें. तें कां जपावें व कसें वाचावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

शाळेचा डॉक्टर ही संस्था फार प्राचीन नाहीं. ब्रुसेल्स शहरानें इ. स. १८७४ मध्यें असा डॉक्टर नेमला; जर्मनींतील वीसबाडेन येथें १८९६ मध्यें पद्धतशीर तपासणी सुरू झाली. इंग्लंडांत बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत दाखल होण्यास आलेले पुष्कळ तरुण अशक्त ठरले. त्या धक्क्यानंतर चौकशी झाली, आणि १९०७ च्या कायद्यानें शाळांतील मुलांची तपासणी हें स्थानिक अधिकाऱ्यांचें कर्तव्य ठरलें.

हिंदुस्थानांत अशी तपासणी प्रथम झाली ती १९०९ मध्यें, बडोदें शहरांत. सयाजीराव गायकवाड यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्यें अमरेली येथें केला व १९०६ मध्यें तो सर्व राज्यास लागू केला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत तपासणी सुरू व्हावी, यांत आम्हांस एक संगति दिसते. सरकारनें मुलास सक्तीनें शाळेंत बसविलें म्हणजे त्याला फळ्यावरील अक्षर दिसतें कीं नाहीं, हें पाहण्याचें दायित्वही सरकारावरच येतें. परंतु हें उदाहरण सर्वत्र गिरविलें गेलें नाहीं. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ मध्यें असा निष्कर्ष काढला कीं, देशांत शाळांची आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वांतच नाहीं, व जेथें आहे तेथेंही ती अविकसित आहे. पुढें १९६० मध्यें रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र समिति नेमली गेली. तिचा अहवाल १९६१ मध्यें आला.

आतां डॉक्टरच्या कामाकडे वळूं. तो प्रथम उंची व वजन घेतो. पापणी खालीं ओढून रक्त कमी आहे काय, हें पाहतो. डोळ्यांतील पांढऱ्या भागावर फेंसाळ ठिपका दिसला तर रातांधळेपणाविषयीं विचारतो. खुपऱ्या, कानाचा स्राव, किडलेले दांत, गळ्यांतील गांठी, खरूज व गजकर्ण यांचा तपास होतो. छातीस नळी लावून हृदयाचा आवाज ऐकला जातो. पोट चांचपून पानथरी वाढली आहे काय, हेंही पाहतात. या शेवटच्या क्रियेस इतिहास आहे : उत्तर हिंदुस्थानांतील कालव्यांच्या कांठीं हिंवताप किती आहे, हें ठरविण्यासाठीं डेंप्स्टर यानें १८४० नंतरच्या दशकांतच पानथरी वाढलेल्या लोकांची गणती केली होती. पुढें मुलांच्या पानथरीवरून सबंध गांवाचा हिंवताप मोजण्याची रीत रूढ झाली.

पत्रक वाचतांना तीन गोष्टींचें अवधान ठेवावें. पहिली, दृष्टीचे आंकडे. ‘६/१८’ याचा अर्थ असा कीं, निरोगी डोळा जें अक्षर अठरा मीटरांवरून वाचतो, तें या मुलास सहा मीटरांवरून वाचावें लागतें. दुसरी, वय. पूर्वी पुष्कळ मुलांची जन्मतारीख गुरुजींनीं अदमासानें १ जून किंवा १ जुलै अशी लिहिली आहे. वयच अदमासाचें, तर उंची कमी कीं बेताची, हा निर्णयही डळमळीत होतो. येथें कोतवाल बुक उपयोगी पडतें. त्यांत बहुधा मुलाचें नांव नसतें, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेंच असतें. म्हणून बापाच्या नांवावरून मेळ घालावा लागतो. तिसरी गोष्ट नाहींशा झालेल्या रकान्यांची. जुन्या तपासणींत देवी काढल्याचा वण पाहत असत. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्यें आढळला, आणि पुढें त्या वणास प्रयोजन उरलें नाहीं. उलट विदर्भांत सिकलसेलची नोंद नागपुराकडे १९५८ मध्यें झाली; तो आजार आज तपासणीच्या यादींत आहे.

सांप्रत हें काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं चालतें. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें झाला. पथकांत एक पुरुष व एक स्त्री असे दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असावा, अशी योजना आहे. अंगणवाडींतील मुलें वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलें एकदां तपासावयाचीं. जन्मजात व्यंगें, पोषणाची उणीव, बालपणाचे रोग आणि वाढींतील विलंब अशा चार वर्गांत तीस विकार पाहावयाचे. आणि गरज पडेल त्यास वरच्या रुग्णालयांत पाठवावयाचें.

या ‘पाठविलें’ शब्दापाशीं संशोधकानें थांबावें. डॉक्टर शाळेंत औषध थोडें देतो, निदान अधिक करतो. त्याचें खरें फळ पुढल्या वर्षीच्या पत्रकांत दिसतें. एका वर्षीं ‘चष्मा हवा’ असें लिहिलें आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षींही तेंच शब्द आले, तर तपासणी झाली, पण उपचार झाला नाहीं, हें कागदच बोलतो. तालुक्याचा रस्ता, बापाची बुडणारी मजुरी आणि घरांतील भीति यांपैकीं काय आड आलें, हें तो सांगत नाहीं. परंतु प्रश्न कोठें विचारावा, हें नक्की दाखवितो. एकटें पत्रक म्हणूनच अपुरें. एका मुलाचीं ओळीनें पांच वर्षांचीं पत्रकें मिळालीं, तर तीं एखाद्या बखरीइतकीं मोलाचीं.

यास्तव संग्राहकांस विनंति अशी कीं, शाळेची रद्दी निघेल तेव्हां मुख्याध्यापकांची रीतसर अनुमति घेऊन हीं पत्रकें वर्षवारीनें लावून ठेवावीं, वाळवीपासून जपावीं व त्यांची यादी करावी. मात्र हे कागद जिवंत माणसांच्या देहाविषयींचे आहेत. छापतांना नांवें गाळावीं, आंकडे राखावे. सनदेंतील नांव उजेडांत आणणें हें आपलें काम. येथें तें झांकून ठेवणें हेंही आपलेंच काम होय.