हलकी रॅकेट आणि तिचे गटिंग

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे आजचे हे बोलणे कशासाठी ते आपल्या ध्यानात येईल.

मी शिकवतो मराठी, पण महाविद्यालयात जिमखान्याचे कामही माझ्याकडे आहे. खेड्यातून आलेली एक विद्यार्थिनी बॅडमिंटन फार छान खेळायची. हातात मात्र जुनी, जड रॅकेट. आम्ही चौघा प्राध्यापकांनी वर्गणी काढली आणि मी शहरात जाऊन तिच्यासाठी अगदी हलकी रॅकेट आणली. दुकानदाराने विचारले, "गटिंग किती पौंडांवर करू?" मोठमोठे खेळाडू अठ्ठावीस-तीसवर खेळतात, एवढे मी ऐकले होते. मोठ्या ऐटीत म्हणालो, "अठ्ठावीस करा!" तिसऱ्या आठवड्यात मुलीचे कोपर दुखू लागले, आणि सामन्यांच्या दिवशी ती प्रेक्षकांत बसली होती. रॅकेटमध्ये खोट नव्हती. निवडणारा अडाणी होता.

तेव्हापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. शाळेसाठी किंवा घरच्या मुलांसाठी रॅकेट घेणाऱ्या शिक्षकांना व पालकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

हा खेळ आपल्याला परका नाही. १८७० नंतरच्या काळात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि तेव्हा त्याला 'पूना' असेच नाव होते. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे स्पर्धा जिंकली. परदेशात असे अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय खेळाडू. त्या काळी रॅकेट लाकडाची असे आणि तिला जनावराच्या आतड्याची तात लावत. लाकूड वाकडे होऊ नये म्हणून खेळ संपला की ती चौकटीत आवळून ठेवावी लागे. 'गटिंग' हा आपला शब्द त्या आतड्याच्या इंग्रजी नावावरूनच आला. आज तातीची जागा नायलॉनच्या बारीक तंतूंनी आणि लाकडाची जागा कार्बनच्या धाग्यांनी घेतली आहे. म्हणून रॅकेट इतकी हलकी झाली.

आता हलकी म्हणजे किती? चांगल्या रॅकेटवर, मुठीच्या जरा वर, 'यू' हे अक्षर आणि त्यापुढे-मागे एक आकडा असतो. आकडा मोठा, तितकी रॅकेट हलकी. ३ यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४, आणि ५ यू म्हणजे ७५ ते ७९. हे वजन नुसत्या रॅकेटचे. गटिंग आणि मुठीवरचा पट्टा चढला की त्यात भर पडते. शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींना ४ यू किंवा ५ यू पुरे. अगदी लहान मुलांसाठी आखूड रॅकेट मिळते, तीच घ्यावी.

परंतु काट्यावरचे वजन हे अर्धेच सत्य. घरातला हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवून पाहा, आणि मग त्याच्या लोखंडाजवळ धरून फिरवा. हातोडा तोच, वजन तेच. पण दुसऱ्या वेळी तो किती हलका वाटतो! रॅकेटचेही तसेच आहे. वजन डोक्याकडे गेले असेल तर ४ यूची रॅकेटही मनगटाला जड जाते. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. गटिंग केलेली रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरावी आणि तोल सापडला ती जागा मुठीच्या बुडापासून मोजावी. साडेअठ्ठावीस ते साडेएकोणतीस सेंटिमीटर भरले तर तोल मध्यम. त्याहून अधिक असेल तर डोके जड, कमी असेल तर डोके हलके. शिकणाऱ्याने मध्यम तोलाचीच निवडावी.

कोणी म्हणेल, हलक्या रॅकेटने फटका लेचापेचा बसणार नाही का? तर असे बघा : फुलाचे वजन जेमतेम पाच ग्रॅम. त्याच्यापुढे ८० ग्रॅमची रॅकेटही हत्तीच! फूल पळते ते मुख्यतः रॅकेटच्या डोक्याच्या वेगाने, आणि आपल्या हाताला झेपेल तीच रॅकेट वेगाने फिरते. जड डोक्याची रॅकेट कसलेल्या मनगटात जोराचा फटका देते, हे खरे. पण कोवळ्या मनगटात ती उशिरा पोचते.

मुठीची जाडीही पाहावी. तिच्यावर 'जी' अक्षरापुढे आकडा असतो, पण सगळ्या कंपन्यांची मोजणी सारखी नसते. म्हणून मुलाला दुकानात सोबत न्यावे आणि मूठ हातात धरायला लावावी. बोटांची टोके आणि तळवा यांमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. मूठ बारीक असेल तर पट्टा गुंडाळून जाड करता येते. जाड मूठ बारीक करता येत नाही.

आता गटिंग. माझी चूक झाली ती इथे. आपल्या घरची सुंभाची बाज आठवा. सैल बाजेवर पोराने उडी मारली तर ती त्याला वर फेकते; कचकचून ताणलेली बाज तसे करत नाही. गटिंग सैल असले की फुलाला फेक मिळते. ताणलेले असले की फटक्यावर ताबा राहतो, पण जोर सगळा आपल्या हाताने लावावा लागतो. शिवाय ताण वाढला की जाळीतली नेमकी बसणारी जागा लहान होते. शिकणाऱ्याचे फूल वारंवार त्या जागेबाहेर लागते आणि त्याचा हादरा थेट कोपरात जातो. त्या मुलीचे तेच झाले. म्हणून नवशिक्याला १८ ते २२ पौंड, बऱ्यापैकी खेळणाऱ्याला २२ ते २५. त्यापुढचा ताण रोज सराव करणाऱ्या, पक्क्या हाताच्या खेळाडूंसाठी. रॅकेटवर छापलेली ताणाची मर्यादा तर कधीच ओलांडू नये. ती ओलांडली की चौकट मोडण्याची भीती.

गटिंगची दोरी ०.६१ पासून ०.७० मिलिमीटरच्या आसपास जाडीची मिळते. बारीक दोरी टणत्कार छान करते, पण लवकर तुटते. शाळेसाठी ०.७० चीच घ्यावी.

दोन गोष्टी निगेच्या. एक दोरी तुटली की उरलेल्या दोऱ्या मध्यापासून कडेकडे लगेच कापून टाकाव्यात. नाहीतर एकीकडच्या ताणाने चौकट वाकडी होते. आणि उन्हात, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत रॅकेट तापत ठेवू नये. गटिंगचा ताण उतरतो.

शाळांना माझे सांगणे एवढेच की, आलेल्या पैशांत सगळ्याच रॅकेटी घेऊन मोकळे होऊ नका. दहाऐवजी आठ घ्या आणि उरलेले गटिंगसाठी राखून ठेवा. तुटक्या गटिंगच्या दहा रॅकेटी कपाटात असण्यापेक्षा मुलांच्या हातात आठ असलेल्या बऱ्या.

आमच्या त्या विद्यार्थिनीने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिने विश्रांती घेतली. त्याच रॅकेटला आम्ही २१ पौंडांवर नवे गटिंग करून दिले. पुढच्या वर्षी ती संघातून खेळली. हरली की जिंकली, ते महत्त्वाचे नाही. खेळून आल्यावर तिचा हात दुखत नव्हता. या वेळी मात्र दुकानात मी तिला बरोबर नेले होते, आणि किती पौंड हे तिनेच सांगितले.