जुना संगणक नव्या संगणकात

मुंबईत ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ हा संगणक काम करू लागला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. नावातला १२ हा आकडा त्याच्या शब्दाची लांबी सांगतो : हा संगणक एका वेळी १२ बिटांचा शब्द हाताळी. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने पुढे टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ ही त्याची भावंडे बाजारात आणली. खोली व्यापणाऱ्या मोठ्या संगणकांपुढे ही यंत्रे लहान, म्हणून त्यांना मिनिकॉम्प्युटर म्हणत. लहान म्हणजे कपाटाएवढी!

अशी यंत्रे चालती ठेवायची कशी? आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात लाकडी होडीची फळी कुजली तर सुतार नवी फळी ठोकतो आणि होडी पुन्हा पाण्यात जाते. टीडीसी-१२ चे तसे नाही. त्याची स्मृती म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या. एका कडीत एक बिट. ४०९६ शब्दांसाठी निदान ४९,१५२ कड्या लागतात, आणि असे पट आता कारखान्यांत विणले जात नाहीत.

मग दुसरा मार्ग उरतो. यंत्राचे भाग नव्हे, तर त्याची वागणूक जपायची. जुना संगणक कोणत्या आज्ञेला काय करीत असे ते पूर्ण माहीत असेल, तर तेच करणारी आज्ञावली नव्या संगणकासाठी लिहिता येते. याला एम्युलेशन म्हणतात. एक संगणक दुसऱ्याची नक्कल करू शकतो, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केले होते.

उदाहरण अमेरिकेतल्या पीडीपी-८ चे घेऊ. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा हा १९६५ चा संगणकही १२ बिटांचा, ४०९६ शब्दांच्या स्मृतीचा. त्याच्या शब्दातले पहिले तीन बिट आज्ञा सांगतात. म्हणून मूळ आज्ञा फक्त आठ. चौथा बिट पत्ता थेट आहे की फिरवून दिलेला ते सांगतो, पाचवा स्मृतीचे पान सांगतो आणि उरलेले सात त्या पानावरची जागा. एका पानावर १२८ शब्द, अशी ३२ पाने. आता ००१ ०१० ००१ ००० हा शब्द वाचा. ००१ म्हणजे बेरीज. चौथा बिट ० म्हणजे थेट पत्ता. पाचवा १ म्हणजे चालू पान. शेवटचे सात बिट म्हणजे आठवी जागा. अर्थ असा : चालू पानावरच्या आठव्या जागेतली संख्या संचायकात मिळव. (जागा शून्यापासून मोजायच्या, हे मुलांना आधी सांगावे.)

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. फळ्यावर चौकटी आखून संख्या लिहा, एका विद्यार्थ्याला संचायक करा, दुसऱ्याला आज्ञा वाचायला लावा. खडू आणि फळ्यावर हे एम्युलेशनच झाले.

नक्कल करताना यंत्राच्या मर्यादाही जपाव्या लागतात. बारा बिटांत सर्वांत मोठी संख्या ४०९५. संचायकात ४०९५ असताना १ मिळवला तर तिथे ४०९६ येत नाही, ० येतो, आणि शेजारचा 'लिंक' नावाचा एकटा बिट उलटतो. आजच्या संगणकाला ४०९६ सहज मांडता येतात. म्हणून वरचा बिट मुद्दाम काढून टाकण्याची आज्ञा लिहावी लागते. ती विसरली तर नव्या यंत्रावर उत्तर 'बरोबर' येईल आणि जुनी आज्ञावली चुकेल! वेळेचेही तसेच. पीडीपी-८ चे स्मृतिचक्र दीड मायक्रोसेकंदाचे आणि त्याचा टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरे छापणारा. आजचा संगणक फार वेगवान असल्याने काही वेळा त्याला आवर घालावा लागतो.

त्याच कंपनीत काम केलेल्या बॉब सप्निक यांनी १९९३ मध्ये 'सिमएच' हा एम्युलेटर लिहायला घेतला. त्यात पीडीपी-८, पीडीपी-११ आणि इतर अनेक जुनी यंत्रे घरच्या संगणकावर चालतात. हे जमले ते कागदांमुळे. कंपनीने प्रत्येक आज्ञेचे वर्णन करणाऱ्या पुस्तिका भरपूर छापल्या होत्या आणि वापरणाऱ्यांनी आज्ञावल्यांच्या फिती सांभाळून ठेवल्या होत्या. आमच्या मते खरा धोका इथेच आहे. यंत्र भंगारात गेले तरी पुस्तिका आणि फिती असतील तर ते पुन्हा उभे करता येते. पण आपल्याकडे कपाट रिकामे करताना आधी जातात ते कागदच.

कागदी फीत मिळाली तर ती वाचायला जुने यंत्र लागत नाही. ती उजेडापुढे धरा. आडव्या ओळीत आठ भोकांपर्यंत जागा दिसते. भोक म्हणजे १, कोरी जागा म्हणजे ०. मधले बारीक भोक फीत ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, ते मोजायचे नाही. पीडीपी-८ च्या द्विमान फितीवर प्रत्येक ओळीत शब्दाचे सहा बिट असतात, म्हणजे दोन ओळींचा एक शब्द. लांब फितीची छायाचित्रे घेऊन हीच मोजणी संगणकाकडून करून घेता येते. मात्र जुना कागद ठिसूळ झालेला असतो, म्हणून फीत ओढून न उलगडता सपाट टेबलावर थोडी थोडी सोडावी.